दाराची भूमिका

रंगभूमीवर एक मोठी सोय आहे. ज्याला काही म्हणता काही येत नाही, पण ज्याने वर्गणी वेळेवर दिलेली आहे, अशा गृहस्थाच्या हातात एक भाला द्यायचा आणि त्याला सिंहासनाच्या डाव्या बाजूला उभं करायचं. त्याची बायको पहिल्या रांगेत बसून फक्त त्याच्याकडे बघते, मुलं ‘आमचे बाबा’ म्हणून बोट दाखवतात, महाराज आपली स्वगतं म्हणत राहतात आणि सगळे सुखाने घरी जातात. गणेशोत्सवातली निम्मी ऐतिहासिक नाटकं या भाल्याच्या आधारावर उभी राहिली, असा माझा आपला समज आहे.

श्रुतिकेत भालदाराला जागा नाही. तिथे जो बोलत नाही तो नसतोच. गप्प उभ्या राहिलेल्या माणसाचं ध्वनिमुद्रण करून बघा, फक्त पंख्याचा आवाज येतो. ही साधी गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती, तर चौदा हौशी माणसं जमवून दहा-दहा मिनिटांच्या श्रुतिका करण्याचा उद्योग मी अंगावर घेतला नसता.

पण नानांपुढे माझं काही चाललं नाही.

नाना आमच्या शेजारच्या विंगमध्ये तळमजल्यावर राहतात. जन्मभर छापखान्यात कंपोझिटर. हातातल्या स्टिकमध्ये एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे या माणसाने आयुष्यभर मराठी वाङ्मय आरशातून वाचावं तसं वाचलं. इंग्रजीचं बरं, सव्वीस अक्षरांत भागतं. आपल्या देवनागरीत जोडाक्षरं, काने, वेलांट्या मिळून खिळ्यांचे शेकडो प्रकार, आणि कुठला खिळा कुठल्या खान्यात आहे ते नानांच्या बोटांना पाठ. पण डोळे त्यांनी काचबिंदूला दिले. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. आता नाना खिडकीपाशी खुर्चीत बसतात, आणि कोणाच्या चपला वाजतात त्यावरून दुधाचा हिशेब ठेवतात.

सेवानिवृत्तीनंतर मी रोज संध्याकाळी त्यांना काहीतरी वाचून दाखवत असे. तिसऱ्या आठवड्यात नाना म्हणाले, “तू फार चांगला वाचतोस रे. पण तुझी सासू आणि तुझी सून दोघीही विमा कंपनीतल्या वाटतात.”

विमा कंपनीत मी चौतीस वर्षं काढली. काय बोलणार?

मग नाना जुन्या दिवसांवर घसरले. रेडिओचं लायसन्स पोस्टातून काढावं लागे ते दिवस. मुंबई केंद्रावरचा ‘पुन्हा प्रपंच’, त्यातले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी ही नावं नाना घरच्या माणसांसारखी घेतात. “तिघं बोलायची, पण मला मीनावहिनींच्या स्वयंपाकघरातली मांडणी दिसायची,” नाना म्हणाले. “तेव्हा डोळे होते तरी ती कानांनीच दिसायची. तसलं काहीतरी कर.”

घरी येऊन मी शोधाशोध केली, तेव्हा कळलं की बीबीसीने खास रेडिओसाठी लिहिलेलं एक अगदी सुरुवातीचं नाटक १९२४ च्या जानेवारीत ऐकवलं. नाव ‘डेंजर’, लेखक रिचर्ड ह्यूज. त्याने युक्ती अशी केली, की सगळं नाटक वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत घातलं आणि सुरुवातीलाच दिवे घालवून टाकले. पात्रांनाही दिसत नाही, श्रोत्यांनाही दिसत नाही. कोणाची तक्रार नको. हे मी नानांना सांगितलं.

“म्हणजे मी आधीच खाणीत बसलोय,” नाना म्हणाले. “काय असेल ते पाठवा खाली.”

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी दोन ओळी टाकल्या. पाण्याच्या टाकीसाठी सभा बोलावली तर गणपूर्ती होत नाही; या दोन ओळींना रात्रीपर्यंत चौदा होकार आले. त्यांत वकीलसाहेब होते, ज्यांचा आवाज इतका भरदार आहे की ते लिफ्टमध्ये ‘तिसरा’ म्हणाले तरी निकाल लागल्यासारखं वाटतं. बी विंगमधल्या वहिनी होत्या, ज्यांनी कॉलेजात असताना बक्षीस मिळवलं होतं आणि ते कुठल्या साली हे विचारायचं नसतं. एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ते प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात. आणि आमच्या सौ. होत्या. त्यांनी होकार दिला नव्हता. “तुमच्याबरोबर राहून मी तीस वर्षं तेच करतेय,” एवढंच म्हणाल्या.

सुरुवात चिमणरावांपासून करावी असा माझा बेत होता. वकीलसाहेबांनी लगेच स्वामित्वहक्काचा मुद्दा काढला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे २०२३ संपेपर्यंत हात लावता आला नसता. २०२४ उजाडलं आणि चिमणराव सर्वांचे झाले. तेव्हा कायद्याची हरकत नाही, असा निर्णय त्यांनीच दिला. पण चिमणराव सर्वांचे झाले म्हणजे काय होतं ते मला त्या बैठकीत समजलं. झाडून सगळ्या पुरुषांना चिमणराव व्हायचं होतं. गुंड्याभाऊ व्हायला कोणी तयार होईना. पगारी नटाला ‘तू गुंड्याभाऊ’ म्हणून सांगता येतं. हौशी नटाला फक्त चहा देता येतो. त्याला काढून टाकता येत नाही, ओरडता येत नाही, आणि त्याने ‘जमलं का?’ विचारलं तर ‘फारच छान, फक्त एकदा पुन्हा’ असंच म्हणावं लागतं. शेवटी चौदा जणांना सारख्याच ओळी येतील अशा श्रुतिका मीच लिहायला घेतल्या. दहा मिनिटांना साधारण बाराशे शब्द लागतात. चौदांनी भागलं तर माणशी पंच्याऐंशी येतात. शेक्सपिअरवर हा प्रसंग आला नव्हता.

ध्वनिमुद्रण आमच्या झोपण्याच्या खोलीत. हजार-बाराशेचा एक मायक्रोफोन, नातवाने टाकून दिलेला लॅपटॉप आणि ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढी आमची सामग्री. मोकळ्या भिंतींवरून आवाज परततो आणि संवाद सार्वजनिक वाचनालयात चालल्यासारखे वाटतात, म्हणून कपाट उघडं ठेवून साड्यांकडे तोंड करून बोलायचं आणि डोक्यावर गोधडी घ्यायची. मे महिन्यात गोधडीखाली वकीलसाहेब आणि वहिनी यांचा प्रेमप्रसंग आम्ही मुद्रित केला. दोघांच्याही घरच्यांना त्याबद्दल काही वाटलं नाही. गोधडीतून घामाघूम होऊन बाहेर पडलेली ती जोडी बघून कोणालाच काही वाटलं नसतं.

त्यात आमचं डोंबिवली. रुळांपासून आमची इमारत दोनशे पावलांवर. नायिका ‘मी तुम्हाला कधीच विसरणार नाही’ म्हणायला तोंड उघडते आणि कल्याणकडे जलद लोकल निघते. लोकल गेली की खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी. ती झाली की भंगारवाला. एका श्रुतिकेतल्या मृत्युशय्येवरच्या आजोबांच्या शेवटच्या शब्दांनंतर ‘जुना पंखा, जुना फ्रीज’ असं स्पष्ट ऐकू येतं. ते काढता आलं नाही. नानांना मात्र ते फार आवडलं. त्यांना वाटलं, मी मुद्दाम घातलंय.

ध्वनिपरिणामांचं शास्त्र तर वेगळंच आहे. खरी वस्तू खरी वाटत नाही. घोडा हवा तर करवंट्या वाजवायच्या, आग हवी तर बिस्किटांच्या पुड्याचा कागद चुरगाळायचा, विहिरीतून बोलायचं तर हंड्यात तोंड घालायचं. पहिल्या श्रुतिकेसाठी मी जुलैतला अस्सल पाऊस गॅलरीतून मुद्रित करून आणला. नानांनी ऐकला आणि विचारलं, “भजी कोण तळतंय?” मग सुपात तांदूळ हलवून बघितले, ते तांदूळच वाटले. शेवटी सौ.नी वैतागून खरोखरच कांद्याची भजी तळायला घेतली, आणि मी कढईजवळ मायक्रोफोन धरला.

“हां,” नाना म्हणाले. “आता पाऊस.”

त्यानंतरच्या आमच्या सगळ्या श्रुतिका पावसाळ्यात घडतात. कलावंतांची उपस्थितीही सुधारली.

नाना आमचे एकमेव श्रोते होते, पण कंपोझिटर होते. श्रुतिका ते प्रूफासारखी ऐकत. एकदा ऐकायची, मग बोट वर करून चुका सांगायच्या. “सून तिसऱ्या मिनिटाला स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही, आणि पाचव्या मिनिटाला अंगणातून बोलते.” “पोस्टमन सायकलवरून उतरला, पण सायकल कुठे ठेवली?” “या म्हाताऱ्याचा दम एका बाजूला लागतो आणि आवाज दुसऱ्या बाजूने येतो.” आम्ही दुरुस्त करून पुन्हा न्यायचो. कौतुक म्हणून त्यांनी आजपर्यंत एकाचंच केलं होतं.

“तुमच्या कंपनीत नट म्हणावा असा एकच आहे,” ते म्हणाले. “ते दार.”

दार म्हणजे आप्पा.

आप्पा सी विंगमध्ये राहतात. गिरणीच्या हिशेब खात्यात होते. लहानपणापासून बोलताना अडखळतात. एखादा शब्द दाराशी येऊन थांबतो आणि आत यायचं नाव घेत नाही. त्यामुळे नोकरीत त्यांनी टेलिफोन टाळला, सभेत बोलणं टाळलं आणि भाजीसुद्धा बोटाने दाखवून घेतली. माझी सूचना वाचून ते आले तेव्हा हातात चिठ्ठी होती : ‘बोलायचं काम सोडून काहीही करीन.’

अशा माणसाला श्रुतिकेत काय द्यायचं? इथेच मला भाल्याची पहिल्यांदा आठवण झाली. मी म्हटलं, “आप्पा, दाराचा आवाज कराल का?”

चार दिवसांनी ते एक दारच घेऊन आले. पुनर्विकासासाठी पाडत असलेल्या एका जुन्या चाळीतून त्यांनी ते मिळवलं होतं. गुडघाभर उंचीचं कापून घेतलेलं, चौकटीत बसवलेलं. त्याला जुनी कडी, कोयंडा, बिजागऱ्या, खाली उंबऱ्याची फळी. एका बिजागरीला तेल, दुसरीला नाही. नभोवाणीच्या स्टुडिओंत असंच लहान दार ठेवतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आणि मग त्या गुडघाभर दारातून आप्पांनी अख्खी बिऱ्हाडं आत-बाहेर केली. उशिरा आलेल्या नवऱ्याचं दार, सावकाराचं दार, माहेरी आलेल्या मुलीचं दार, सगळी निराळी. एका प्रसंगात वहिनींनी रागाने निघून जायचं होतं. मी म्हटलं, जोरात आपटा. आप्पांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं : ‘खरं रागावलेलं माणूस दार हळू लावतं.’ त्यांनी ते हळू लावलं. गोधडीखाली वकीलसाहेब दचकले.

श्रेयनामावलीत मी दर वेळी म्हणू लागलो, ‘आणि दार – आप्पा.’ आधी लोक हसले. पुढे मुख्याध्यापकांनी ‘मला खिडकी द्या’ म्हणून हट्ट धरला.

नानांचा पंच्याऐंशीवा वाढदिवस आला. त्यांच्यासाठी मी एक जरा गंभीर श्रुतिका लिहिली होती. एक म्हातारा गावाहून मुलाच्या घरी येतो, आणि ‘मी आता इथेच राहू का?’ एवढं विचारण्यासाठी त्याला सगळी रात्र लागते. म्हातारा अर्थातच वकीलसाहेब. ध्वनिमुद्रणाच्या संध्याकाळी ते आले आणि त्यांच्या तोंडातून फक्त हवा आली. सर्दीने आवाज पार बसला होता. मुख्याध्यापक पुढे सरसावले, पण म्हाताऱ्याने तो प्रश्न दोनदा विचारला असता तर श्रुतिकाच बदलली असती. वाढदिवस दुसऱ्या दिवशी. कोणी काही बोलेना.

“मी... मी ब... बघू?” आप्पा म्हणाले.

खोलीत नऊ जण होते. मला आठवतं, की कोणीही दुसऱ्याकडे बघितलं नाही. आप्पांनी कागद घेतला, साड्यांकडे तोंड केलं. गोधडी नको म्हणाले. तीन मिनिटांच्या प्रवेशाला सहा मिनिटं लागली. मधे एक लोकल गेली; ते थांबले, लोकल गेल्यावर पुन्हा त्याच शब्दापाशी उभे राहिले. शेवटचा प्रश्न यायला तर इतका वेळ लागला, की सुनेचं काम करणाऱ्या वहिनी उत्तर द्यायचं विसरल्या.

चहा न घेता सगळे गेले, आणि मी लॅपटॉप उघडून बसलो. आवाज पडद्यावर डोंगर-दऱ्यांसारखा दिसतो. कुठे अडखळले ते डोळ्यांना स्पष्ट दिसतं. तेवढा तुकडा निवडायचा आणि कापायचा. इतकं सोपं. माझ्या मनात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पहाटे तीनपर्यंत मी एकशे बारा तुकडे कापले. आप्पा बातम्या द्यावेत तसे अस्खलित बोलायला लागले. मी स्वतःवर इतका खूश झालो, की सौ.ना उठवून ऐकवलं. त्या म्हणाल्या, “झोपा आता.”

सकाळी आठला मी आप्पांना बोलावून घेतलं. त्यांना मी ही भेट देणार होतो. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“चां... चांगला बोलतो,” ते म्हणाले. “को... कोण आहे हा?”

मी हसलो. मला वाटलं, विनोद केला. आप्पा हसले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. जाताना त्यांनी आमचं दार लावलं.

हळू लावलं.

“निवडता निवडता तांदूळच टाकून दिलेत,” स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या.

मूळ मुद्रण शाबूत होतं. त्यात माझी दूरदृष्टी नव्हती. ते पुसतात कसं, हे मला येत नाही. मी ते जसंच्या तसं जोडलं. दहा मिनिटांची श्रुतिका तेरा मिनिटांची झाली. मग सी विंगमध्ये गेलो. काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं, पण आप्पांनी दार उघडल्यावर माझाच पहिला शब्द येईना. ते थांबले. त्यांना थांबण्याची सवय आहे. शेवटी मी एवढंच म्हटलं, “सगळं परत लावलंय. संध्याकाळी येणार ना?”

संध्याकाळी नानांच्या खोलीत आम्ही पंधराच्या पंधरा जण दाटीवाटीने बसलो. आप्पा कोपऱ्यात, दाराजवळ. श्रुतिका संपली तेव्हा नानांनी नेहमीप्रमाणे बोट वर केलं. “सुनेने चहाचा कप दोनदा खाली ठेवला, एकदाही उचलला नाही.” मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “म्हातारा नवीन आहे.”

कोणी बोललं नाही.

“छापखान्यात दोन शब्दांच्या मधली जागा म्हणजे नुसती हवा नसते, बरं का,” नाना म्हणाले. “तिथे शिशाचा कोरा तुकडा बसवावा लागतो. स्पेस म्हणतात त्याला. नवशिका पोरगा तिथे कंजूषपणा करतो, आणि ओळ उचलायला गेलं की हातातच ढासळते. ह्याची ओळ घट्ट आहे. कोण आहे हा?”

“मी... मी...” कोपऱ्यातून आवाज आला. नाना वाट बघत राहिले. “...आ... आप्पा.”

“आणि मग दार कोणी केलं?”

“ते... तेही मीच.”

“वाटलंच,” नाना म्हणाले, आणि त्यांनी पेढ्यांचा खोका अंदाजाने बरोबर त्या कोपऱ्याकडे केला.

आता अडचण अशी आहे, की आप्पांना प्रत्येक श्रुतिकेत भूमिका हवी असते आणि दारही सोडायचं नसतं. दोन्ही एकदम जमेना, म्हणून मागच्या आठवड्यात दार वकीलसाहेबांकडे दिलं. त्यांचा आवाज परत आलेला आहे, पण या वेळी त्यांनी मोठ्या मनाने न बोलण्याचं कबूल केलं. दोन दिवस त्यांनी घरी दाराचा सराव केला. काल ध्वनिमुद्रण नानांना ऐकवलं. नानांनी बोट वर केलं.

“बाकी सगळं ठीक,” ते म्हणाले. “पण सून बाहेर न जाता कपाटात का गेली?”